काळ्या दगडाचं बेट

वाचकहो, धबधबा बघायला पैसे मोजून परदेशी जावं, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आम्ही पाटण तालुक्यातली माणसं. दारातून बाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ, नाही तर उतार. आषाढ लागला की ज्याच्या त्याच्या शेताच्या वर एक पांढरी धार लोंबत असते. तेव्हा लेकीनं मॉरिशसहून फोनवर "आई, तू ये तर खरी, तुला धबधबे दाखवते," म्हटलं, तेव्हा मला हसूच फुटलं.

खरं तर मी गेले नातवाला बघायला. जावई तिथं कापडाच्या कारखान्यात नोकरीला आहेत. आमचे हे काही आले नाहीत. फेब्रुवारी महिना, ऊस उभा, तोडीची पाळी आज येते की उद्या याची धाकधूक. "मी विमानात बसलो आणि इकडं टोळी आली म्हणजे?" असं म्हणून त्यांनी माझी एकटीची पिशवी भरायला लावली. मुंबईहून सहा तासांत विमान पोचलं. आणि उतरल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल? ऊस! रस्त्याच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस. त्यांच्याकडं तोड जून ते डिसेंबर चालते, म्हणून मी गेले तेव्हा तो वाढीला लागलेला, हिरवागार होता. घर सोडून आले आणि उसातच येऊन पडले, असं मी लेकीला म्हटलं.

लेक राहते क्युरपीप गावात. ते उंचावर आहे, सदा ढग आणि भुरभूर. तिच्या घरापासून चालत जाण्याजोगं एक ज्वालामुखीचं तोंड आहे, त्याला ट्रू ओ सेर म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढं आग, धूर असं काहीबाही होतं. प्रत्यक्षात तिथं एक अवाढव्य वाटोळी विहीर. वर तीनशे मीटरहून जास्त रुंद, खोली ऐंशी मीटर, आणि आत सगळी झाडी वाढलेली. तळाशी थोडं पाणी. काठावरून माणसं सकाळची फेरी मारत होती, जशी आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो. कधी काळी इथून तापलेला रस वर आला, हे सांगितल्याशिवाय कळू नये.

त्या काठावरच जावईबापूंनी मला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला सांगते. आपला सह्याद्री, आपल्या शेतातला काळा पाषाण, घराच्या जोत्याचा दगड, हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या तापल्या रसाचं आहे. जमिनीच्या खाली खोलवर एक तापलेली जागा आहे. ती जागची फारशी हलत नाही. वरची जमीन मात्र हळूहळू सरकते. चुलीत एकच निखारा फुललेला असावा आणि त्यावरून भाकरी सरकवत न्यावी, म्हणजे भाकरीवर डागांची ओळ उठेल, तसं. आपला देश त्या निखाऱ्यावरून उत्तरेकडं सरकला. मागं समुद्रात डाग उठत गेले. मॉरिशस हा त्यातलाच एक, 80 ते 90 लाख वर्षांपूर्वीचा. निखारा आता शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पिताँ द ला फुर्नेज नावाचा डोंगर अजूनही मधूनमधून लाल रस ओकतो. म्हणजे ज्या विस्तवानं आपल्या पायाखालचा खडक केला, त्यानंच हे बेट केलं. मी खाली वाकून एक खडा उचलला. बारीक भोकांचा, काळपट, हातात जड. आमच्या वरच्या पट्टीतला म्हणून कुणी दाखवला असता तरी मी मान डोलावली असती.

शामारेलला गेलो ते गाडीनंच. तिथला धबधबा शंभर मीटरच्या आसपास एकसारखा कोसळतो, आणि तो समोरच्या कड्यावरून बघायचा. छान आहे, पण कठड्याला टेकून बघितलेला धबधबा म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं जेवण. त्याच्याजवळच सात रंगांची माती आहे. तांबडी, तपकिरी, जांभळी, पिवळसर, अशा मातीच्या लाटाच लाटा, आणि त्यावर गवताची काडी नाही. तोच काळा खडक ऊनपावसानं कुजून कुजून माती होतो. पावसाबरोबर बाकीचं निघून जातं आणि लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा अंश मागं राहतो. आपल्याकडं महाबळेश्वरच्या माथ्यावरचा तांबडा जांभा असाच झाला. लोक कठड्याबाहेरून फोटो काढत होते. मला मात्र वाटलं, जिच्यात काही उगवत नाही ती माती इथं काचेच्या नळीत भरून विकतात, आणि आपण चांगल्या मातीला भाव मिळत नाही म्हणून रडतो! असो.

खरी पायपीट झाली ती सात धबधब्यांची. हेन्रिएटा म्हणून गाव आहे, तिथून वाट सुटते. तिथले लोक त्याला सेत कास्काद म्हणतात. नातवाला शेजारणीकडं ठेवलं. मी लेकीचा पंजाबी ड्रेस आणि जावयांचे जुने कॅनव्हासचे बूट घातले. आरशात बघून मलाच मी ओळखू येईना. वाटाड्या मुलगा पंचविशीतला, मराठी वंशाचा. त्याचे पूर्वज मुंबई बंदरातून गेलेले. घरी क्रेओल बोलतो, पण शाळेत मराठी शिकलेला. तिथं सरकारी शाळांतून मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मला तो "मावशी" म्हणू लागला आणि माझी अर्धी भीती गेली.

गड चढताना दम आधी लागतो, इथं उलटं. आधी खाली उतरायचं आणि दमल्यावर चढायचं. वाट तांबड्या निसरड्या मातीची, झाडांची मुळं हीच पायरी. जंगलात विषारी साप नाही, वाघ-बिबट्या नाही, हे ऐकून बरं वाटलं. माकडं आणि हरणं आहेत, तीही माणसांनीच बाहेरून आणून सोडलेली. पहिला धबधबा वरूनच बघितला, दुसऱ्याच्या अंगावरून उतरलो. तिसऱ्यापाशी मोठा डोह. प्रवाह ओलांडून पलीकडच्या काठावर सपाट कातळ होता, तिथं डबे उघडले. पाणी घोट्याच्या वर नव्हतं. लेक आणि जावई पाण्यात पाय सोडून बसले होते.

आणि मला पाण्यात पाचोळा दिसला.

थोडासाच. चार वाळकी पानं, एक काटकी, मग पुन्हा पानं. पाणी मघाशी काचेसारखं होतं, ते कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण वर डोंगराच्या अंगाला आभाळ काळं झालेलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "उठा. आत्ताच्या आत्ता पलीकडं चला." जावई म्हणाले, "अहो आई, पाऊस कुठं आहे? जेवून तर घ्या." माणूस चांगला, पण शहरात वाढलेला.

त्यांना काय माहीत? 2005 च्या जुलैत माझा धाकटा दीर असाच गेला. आमच्या ओढ्यापलीकडं बैलं बांधलेली होती. गावात पावसानं उघडीप दिली होती. पाणी गुडघ्याएवढं बघून तो उतरला आणि मधोमध असताना वरून लोंढा आला. मी काठावर उभी होते. पाणी चढण्याआधी पाचोळा आला होता. तो मी बघितला होता, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. दीर तिसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या शिवारात सापडला. लेक तेव्हा लहान होती. हे सगळं मी तिच्याजवळ कधी नीट बोलले नव्हते.

मी आणखी काही बोलण्याआधी वाटाड्यानं पाण्याकडं एक नजर टाकली आणि पिशव्या उचलल्या. "मावशी बरोबर सांगतात," एवढंच म्हणाला. एकमेकांचे हात धरून आम्ही परतलो. तेवढ्यात पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि ओढ होती. लेकीच्या पायातली एक चप्पल गेली. वर चढून वळून पाहिलं, पाव तासही झाला नसेल, आम्ही बसलो होतो तो कातळ दिसत नव्हता. धबधब्याचं पाणी लालभडक. आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळेना. कातळ पाणी पीत नाही, वाचकहो. वर पडलं ते तसंच खाली येतं, आपल्याकडं काय नि तिकडं काय.

जावई गप्प होते. लेक माझा दंड धरून चालत होती. चढावर मध्येच तिनं विचारलं, "काका असाच गेला?" मी हो म्हटलं. मग बसून सगळं सांगितलं. उरलेले धबधबे राहिलेच. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

वर आलो तर पुन्हा उसाची शेतं. शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे ढीग रचलेले, आपल्या कडब्याच्या गंजीएवढे, काही त्याहून उंच. येताना मी त्यांच्याकडं पाहिलंही नव्हतं. वाटाड्या म्हणाला, हे आमच्या माणसांनी हातांनी वेचलेले. 1834 पासून पुढं सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर या बेटावर आली. बिहारकडची सर्वांत जास्त, मद्रासकडची, आणि आपल्या कोकणातली नि घाटावरचीही. महिना पाच रुपये मजुरी. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे कापायचे. राजधानीतल्या बंदराच्या ज्या सोळा पायऱ्यांवरून ती चढली, त्या अजून जपून ठेवल्यात. 2006 साली युनेस्कोनं त्या जागेला जागतिक वारशाचा मान दिला. तिथले म्हातारे सांगतात, दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून माणसं जहाजावर चढवली होती. त्यांनी दगड उलटले, त्याचे हे ढीग. खाली माती निघाली, तिच्यात ऊस लावला.

मी एका ढिगाला हात लावला. शेवाळ चढलेलं, उन्हानं कोमट. आमच्या सासऱ्यांनी वरच्या पट्टीला घातलेल्या ताली अशाच आहेत, फक्त त्या बांधाला लागल्या आणि जमीन त्यांच्या नावावर होती. हे दगड वेचणाऱ्यांच्या नावावर त्यातलं वीतभरही नव्हतं. पुढं त्यांच्या मुलानातवंडांनी थोडी थोडी जमीन घेतली, असं तो मुलगा सांगत होता. त्याच्या घरची दोन एकर आहे. उसाचीच.

तुमच्यापैकी कुणाचं लेकीजावयाच्या निमित्तानं तिकडं जाणं झालं, तर जानेवारी ते मार्च धबधब्यात उतरू नका; पावसाचे आणि वादळांचे महिने ते. वाटाड्या घ्या, बूट घाला, आणि पाण्याकडं पाठ करून जेवायला बसू नका. महाशिवरात्रीच्या सुमारास गेलात तर ग्रां बासँचं तळं बघा. तेही ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं. आता त्याला गंगातलाव म्हणतात, आणि आपल्या वारीसारखी माणसं खांद्यावर कावड घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात.

रात्री ह्यांना फोन लावला. पाण्याचं काही सांगितलं नाही, ते घरी जाऊन सांगायचं ठरवलं. "काय काय बघितलंस?" म्हणाले. मी म्हटलं, "ऊस बघितला, दगड बघितले. तोड आली का?"

"आली," म्हणाले, "खालच्या पट्टीला लागलेत. वरची राहिलीय."