तलावांच्या मुलुखातील दुचाकी प्रवासाची आखणी

चंद्रपूर जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे मूल, सिंदेवाही, नागभीड आणि ब्रह्मपुरी हे तालुके, तसेच वैनगंगेपलीकडचा देसाईगंज-आरमोरीचा पट्टा हा तलावांचा प्रदेश आहे. मोटारसायकलने फिरण्यासाठी महाराष्ट्रात याहून सुंदर मुलूख फार थोडे असतील. तरीही कोकणच्या किनाऱ्याला किंवा सह्याद्रीच्या घाटांना सरावलेला प्रवासी येथे नकाशावरचे अंतर मोजून दिवस ठरवतो, तेव्हा त्याचा हिशेब हमखास चुकतो. या प्रदेशातील सहलीची आखणी किलोमीटरवर बेतून चालत नाही. ती पाण्याच्या आणि उजेडाच्या वेळापत्रकावर बेतावी लागते.

पाण्याचे वेळापत्रक समजण्यासाठी हे तलाव कसे झाले ते ठाऊक असावे लागते. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन सारामाफीने देण्याची पद्धत होती, तिला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातील एका वस्तीचे नाव आजही तेच आहे. कोहळी समाजाने तलाव बांधण्याचे कसब या टापूत पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. पुढे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडे तलावांची व्यवस्था गेली आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते सरकारकडे आले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी अथवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची, जास्तीचे पाणी सांडव्याने काढून द्यायचे, उरलेले तुडूमातून, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडण्याच्या तोंडातून, खालच्या धानाच्या बांध्यांना पोचवायचे आणि त्या बांध्यांतून झिरपलेले पुढच्या गावच्या तलावात अडवायचे, अशी ही साखळी आहे. घोडाझरी, आसोलामेंढा आणि नलेश्वर हे मोठे जलाशय गोंड राजवटीनंतरचे, इंग्रजी अमदानीतले; त्यांपैकी आसोलामेंढ्याला आता गोसीखुर्द प्रकल्पाच्या उजव्या कालव्याचे पाणी जोडलेले आहे.

दुचाकीस्वाराची या रचनेशी रोज गाठ पडते. गावाकडे जाणारा रस्ता पुष्कळदा पाळीच्या पायथ्याने जातो, पाळ संपते तेथे काटकोनात वळतो, आणि वळणापलीकडे काय आहे हे पाळीच्या उंचीमुळे दिसत नाही. पायथ्याशी पाझराची ओल असते, ती डांबर फुगवते आणि खड्ड्यांच्या कडा निसरड्या करते. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, चिखलणी करून ट्रॅक्टर बांधीतून सडकेवर येतो तेव्हा त्याच्या चाकांचा चिखल पुढे बऱ्याच अंतरापर्यंत पसरलेला असतो आणि पावसाची एक सर त्याला साबणासारखे करते. वळणाच्या आधी वेग उतरवावा, वळणात ब्रेक दाबू नये, हा सर्वत्र लागू असलेला नियम येथे पाळीचे टोक दिसताच अमलात आणावा लागतो.

ऋतूची निवड यातूनच ठरते. भर पावसाळ्यात तलाव सर्वांत देखणे असतात हे खरे, परंतु वैनगंगेचा स्वभाव वरच्या पाण्यावर अवलंबून आहे. वरच्या गोसीखुर्द धरणाची दारे उघडली की स्थानिक पाऊस नसतानाही ब्रह्मपुरी-देसाईगंज भागातील नदीकाठ पाण्याखाली जाऊ शकतो, आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीचा पूर येथील लोक अजून विसरलेले नाहीत. दक्षिणेकडे भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुरात वाहतूक तुटणे हे तर पावसाळ्याचे नेहमीचेच. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात जॅकेट आणि हेल्मेट घालून दुपारी गाडी चालवणे शरीराला धोक्याचे आहे, आणि तलावही तोवर आटत आलेले असतात. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने. धान कापलेले असते, पाणी अजून पाळीला टेकलेले असते, उत्तरेकडून आलेली बदके उथळ पाण्यात उतरलेली असतात, आणि पहाटेचे धुके आठच्या सुमारास विरते.

उजेडाचा हिशेब मात्र हिवाळ्यातच सर्वांत कडक होतो. चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे साडेसहा अंश रेखांशावर असल्याने येथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्यास्त होतो आणि जंगलाच्या रस्त्यावर काळोख त्याहूनही लवकर उतरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तेथेच संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी निदान २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर झाले. मोटारसायकलच्या खालच्या झोताचा उपयोगी उजेड बहुधा तेवढ्याच टप्प्यात संपतो. रानडुक्कर किंवा सडकेवर बसलेली गुरे त्या टप्प्याच्या आत दिसली तर गणित जुळत नाही. म्हणून मुक्कामाचे गाव चार वाजेपर्यंत गाठले जाईल अशीच आखणी करावी, आणि त्यात पंक्चर काढण्याचा एक तास धरलेला असावा. रात्री फिरण्याचा मोह येथे आणखी एका कारणाने होतो. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, रात्रभर चालणारी नाटके गावोगाव लागतात आणि त्या मंडळ्यांचे मुख्य केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज आहे. नाटक जरूर पाहावे, त्यासाठी मुक्काम त्याच गावी करावा आणि सकाळी उशिरा निघावे.

चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली आणि पुन्हा मूलमार्गे चंद्रपूर असे वर्तुळ अडीचशे ते तीनशे किलोमीटरचे होते. चांगला चालक ते एका दिवसात पुरे करील, पण मग त्याला पाळ दिसेल आणि पाणी दिसणार नाही. तीन दिवस हे या वर्तुळाचे योग्य माप होय: पहिला मुक्काम नागभीड परिसरात घोडाझरीसाठी, दुसरा वडशाला किंवा गडचिरोलीला, आणि शेवटच्या दिवशी चामोर्शीकडे वळून वैनगंगाकाठचे मार्कंडा मंदिर पाहण्यास सवड. त्याच्या दक्षिणेकडील आष्टी-आल्लापल्ली मार्गावर लोहखनिजाच्या ट्रकांची मोठी वर्दळ असल्याने तो भाग याच सहलीला जोडू नये.

ताडोबाचा तलाव या आराखड्यात बसत नाही, कारण व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात दुचाकीला प्रवेश नाही. पण वाघ त्या सीमेतच राहतो असे नाही. ब्रह्मपुरी वनविभागात आणि २०१८ मध्ये अभयारण्य झालेल्या घोडाझरीच्या रानात तो वावरतो, आणि सरपण, मोहफुले, तेंदूपाने यांसाठी जंगलात गेलेली माणसे परत न आल्याचे दुःख या पट्ट्यातील अनेक गावांनी सोसलेले आहे. म्हणून निर्जन जंगलपट्ट्यात छायाचित्रासाठी उतरू नये, पुढे गुरे किंवा माणसे खोळंबलेली दिसली तर तेथेच थांबून विचारावे, आणि चहाच्या टपरीवर वाघाची चौकशी कुतूहलाने करू नये.

सामानाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पेट्रोल प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते; ट्यूब असलेल्या टायरसाठी जादा ट्यूब आणि हवेचा पंप, साखळीसाठी तेल, क्लचची एक केबल आणि दोन लिटर पाणी एवढे पुरे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक दुचाकीस्वाराने पाळावी. पाळ ही मातीची असते, तिच्यावर उगवलेले गवत तिला धरून ठेवते, आणि वर चढवलेल्या गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते. त्या ओघळातूनच पाळ फुटायला सुरुवात होते, आणि पाळ फुटली की खालच्या बांध्यांतले वर्षाचे धान जाते. गाडी रस्त्यावर लावावी, आणि पाळीवर पायीच चढावे.