सोरपोतेलाचे तीन दिवस

नाताळ जवळ आला की आमच्या खानापूर तालुक्यातील ख्रिस्ती घरांतून शिरक्याचा आणि परतलेल्या लसणाचा वास दरवळू लागतो. कोणाकडे सोरपोतेल शिजत आहे हे मग विचारावे लागत नाही. वाचक भगिनींना त्याची कृती शिकविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण गेल्या नाताळात ते रांधण्याची वेळ प्रथमच आमच्यावर आली, त्याची हकीकत सांगावीशी वाटते.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या मातोश्री देवाघरी गेल्या. तोवर हे काम त्यांचे असे. आम्ही फक्त मांस चिरून देत असू. पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतात याच नावाचे कालवण आहे आणि ब्राझीलमध्येही ते होते. परंतु माडीच्या शिरक्याने त्याला जी चव आली ती गोव्याची, आणि आमचे वाडवडील घाट चढून इकडे आले ते ती चव बरोबर घेऊनच. लाल मिरचीही पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आपल्याकडे आणली, हे आता कोणाला खरे वाटत नाही! मातोश्री ब्याडगी मिरची वापरीत. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा.

शिंकाळ्याखालच्या कपाटात त्यांनी ठेवलेली शिरक्याची शेवटची बाटली होती. ती उघडावी की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस खल झाला. अखेर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आईंनी ती बघत बसायला ठेवली नव्हती.’’

दोन किलो डुकराचे मांस, त्यात थोडे काळीज, मोठ्या तुकड्यांनीच अर्धवट उकडले. मग चण्याएवढ्या फोडी केल्या. येथे घाई करणाऱ्याचे सोरपोतेल ओळखू येते. फोडी त्यांच्याच चरबीत तांबूस होईतो परतल्या. मिरच्या, जिरे, मिरी, दालचिनी, आले, लसूण हे सारे शिरक्यात वाटले. लवंगा किती घालाव्यात हे मात्र घरात कोणालाच सांगता येईना. मातोश्री मोजून घालीत, पण ती मोजणी त्यांच्या बोटांत होती. आम्ही पंधरा घातल्या. उकडल्याचे पाणी ओतून मंद आचेवर दोन तास ठेवले.

त्या रात्री चाखले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. शिरका एकीकडे, मिरची एकीकडे, मांस तिसरीकडेच! ‘‘हे आजीचे नाही,’’ असे धाकट्याने सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कढ दिला, तिसऱ्या दिवशी आणखी एक. आंबटपणा मुरला, कातडीचा चिकटपणा रश्शात उतरला, वर लाल तेलाचा तवंग आला. शिरका आणि रोजचा कढ यांच्यामुळे हा पदार्थ टिकतो; पूर्वी शीतकपाट नसतानाही टिकत असे.

आता राहिला प्रश्न डब्याचा. मातोश्री असताना सणाचे पहिले वाढप थोरल्या बंधूंच्या घरी जाई. बांधाच्या वादावरून बंधूंचे आमचे बोलणे दोन वर्षे बंद आहे; त्यांच्या मुळे डबा जात होता, आम्ही कधी नेला नव्हता. मिस्साहून परतल्यावर आम्ही डबा भरला, झाकण लावले, पुन्हा उघडून पाहिले. स्वतः जाण्याचे धैर्य झाले नाही, हे कबूल करतो. धाकट्याला सानांसह पाठविले.

तो तासाभराने आला. डब्यात वहिनींनी केलेल्या दोदोलाच्या वड्या होत्या.

‘‘काका काही बोलले?’’ आम्ही विचारले.

‘‘दोनदा वाढून घेतले. मग म्हणाले, तुझ्या बापाला सांग, लवंग जास्त झाली आहे. आई दोन किलोला आठच घालायची.’’