मूळ आणि पूर्वाषाढा यांच्या मधे

गोराई, २९ एप्रिल २०२५
पहाटे तीनला गच्चीवर. पूर्वेला खाडीपलीकडे बोरिवलीचा झगमगाट, पण मनोरीच्या बाजूला काळोख बरा आहे. वृश्चिकाची नांगी स्पष्ट दिसली. मूळ आणि पूर्वाषाढा यांच्या मधे आपल्या आकाशगंगेचं केंद्र, सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर. तिथले सूर्यासारखे तारे इतके मंद की वर्णपटात पसरण्याइतका प्रकाशच हाती येत नाही. राक्षसी तारे दिसतात, पण त्यांचं वय नीट काढता येत नाही. मला ओढ आहे ती या साध्या ताऱ्यांची. जन्मावेळचा वायू त्यांच्या पृष्ठभागावर जवळजवळ तसाच टिकून असतो.

२० मे
खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. संध्याकाळी गुरुत्वीय भिंगांवरची जुनी टिपणं काढली. १९७९मध्ये त्यांनी आणि टीआयएफआरच्या शशिकुमार चित्रे यांनी रेडिओ स्रोतांची प्रकाशाहून वेगवान भासणारी हालचाल अशा भिंगाने उलगडू पाहिली होती. पहिलं भिंग सापडलं तेही त्याच वर्षी. या विषयात मराठी माणसं इतक्या आधीपासून होती, हे शाळांत सांगितलं पाहिजे.

२६ मे
मोसमी पाऊस आजच मुंबईत येऊन ठेपला. आकाशगंगेचं केंद्र असलेली धनू राशी रात्रभर दिसते ती याच महिन्यांत, आणि आपल्याकडे तेव्हाच ढग!
चिलीत मात्र पहारा चालू असेल. तिथल्या लास कंपानास वेधशाळेतून ओगल प्रकल्प कोट्यवधी तारे पुन्हापुन्हा तपासतो. एखाद्या ताऱ्यासमोरून दुसरा तारा सरकला की पुढच्याचं गुरुत्व भिंगासारखं मागच्याचा प्रकाश एकवटतं. दोघं अगदी एका रेषेत आले, तर तेज शेकडो पट वाढतं आणि सूर्यासारख्या मंद ताऱ्याचाही वर्णपट घेता येतो. तो शिखराचा काळ काही तासांचाच, म्हणून तातडीने ८.२ मीटरची मोठी दुर्बीण तिकडे वळवावी लागते. आईन्स्टाईनने १९३६मध्ये हे गणित मांडलं, पण असं काही प्रत्यक्ष दिसेल याची आशा त्याला नव्हती.
मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: गुरुत्व तांबडा आणि निळा प्रकाश सारखाच वाकवतं. त्यामुळे तेज वाढलं तरी वर्णपटातल्या लोहाच्या, मॅग्नेशियमच्या रेषा जशाच्या तशा राहतात. भिंग कसलीही भेसळ करत नाही.

१४ जून
स्वीडनच्या थॉमस बेन्सबी आणि सहकाऱ्यांनी केंद्राजवळचे, भिंगामुळे उजळलेले असे ९० तारे मोजले; निष्कर्ष २०१७चे. धातू कमी असलेले तारे म्हातारे, साधारण दहा अब्ज वर्षांपुढचे. पण सूर्याहून धातुसंपन्न ताऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आठ अब्ज वर्षांहून तरुण निघाले. केंद्राजवळचा सगळा भाग एकाच जुन्या पिढीचा, ही समजूत त्यामुळे डळमळली. राक्षसी ताऱ्यांवरच भिस्त ठेवली असती, तर या तरुणांचा पत्ता इतक्या सहज लागला नसता.