मागल्या, होडॅग आणि बिगफूट : जंगलातल्या खोट्या प्राण्यांचा खरा इतिहास

१/
माझ्या आजोबांनी एक प्राणी पाहिला होता. त्याचे नाव ‘मागल्या’. प्राणिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात तो सापडणार नाही. लोककथांच्या संग्रहांतही मला तो अद्याप भेटलेला नाही. आजच्या थ्रेडमध्ये त्याचीच गोष्ट सांगायची आहे. मात्र त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट अमेरिकेतील विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया आणि कोलकात्यातील एका वृत्तपत्राच्या कचेरीवरून जाते. वाट लांबची आहे, पण गमतीची आहे. मंडळी, सोबत चला.

२/
आजोबा तरुणपणी दाजीपूरच्या जंगलाच्या अंगाला कोळशाच्या भट्ट्यांवर मुकादम होते. मागल्या तिथलाच. दिवस मावळला की तो एकट्या माणसाच्या मागून चालू लागतो. आपण थांबलो की थांबतो. वळून पाहिले की दिसत नाही. तो भूत नव्हे, जनावर आहे, हे आजोबा बजावून सांगत. अंगाने केसाळ, उंचीने माणसाच्या खांद्याएवढा, आणि ताज्या भाकरीच्या वासावर येणारा.

३/
एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी साधनचिकित्सा नुकतीच शिकले होते. गणपतीला सारे घर जमले होते आणि आजोबा धाकट्या भावंडांना मागल्याची गोष्ट सांगत होते. मी मध्येच विचारले : साल कोणते? प्रत्यक्ष कोणी पाहिले? वळल्यावर तो दिसतच नाही, तर त्याची उंची कशी कळली? सगळे हसले. आजोबाही हसले. “आता आठवत न्हाई बघ पोरी,” म्हणाले आणि पानाचा डबा पुढे ओढला. मागल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

४/
यानंतर दोन वर्षांनी मी जंगलतोडीच्या इतिहासावर वाचत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत पांढऱ्या पाइनची अरण्ये झपाट्याने तोडली जात होती. हजारो लाकूडतोडे हिवाळाभर जंगलातल्या छावण्यांत राहत. काम जीवघेणे, रात्र लांब, करमणूक काहीच नाही. अशा छावण्यांत एक स्वतंत्र प्राणिसृष्टी जन्माला आली, आणि ती संपूर्णपणे थापांची होती.

५/
या प्राण्यांची नोंद कोणी घेतली असेल? मिनेसोटा राज्याचे पहिले वनाधिकारी विल्यम कॉक्स यांनी! १९१० साली त्यांनी या प्राण्यांवर सचित्र पुस्तक काढले, तेही गंभीर शास्त्रीय ग्रंथाचा आव आणून. प्रत्येक प्राण्याला लॅटिन नावसुद्धा दिले. त्यातला ‘स्क्वाँक’ स्वतःच्या कुरूपतेने इतका दुःखी असतो की अखंड रडतो. त्याला पोत्यात धरून नेले तर वाटेत पोते हलके होते. उघडून पाहावे तर आत केवळ अश्रू आणि बुडबुडे.

६/
आणि मग १९३९ सालच्या, हेन्री ट्रायन यांच्या अशाच एका पुस्तकातला प्राणी माझ्यासमोर आला : ‘हाइडबिहाइंड’. तो माणसाच्या मागून चालतो. वळून पाहिले की झाडाच्या खोडाआड होतो. छावणीकडे परत न आलेला लाकूडतोड्या त्याच्याच तावडीत सापडला, असे मानले जाई.

मी पुस्तक मिटले. हा मागल्या होता. दाजीपूर आणि ती अरण्ये यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे; आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हते. मग हे साम्य कुठून आले?

७/
उत्तरासाठी आधी एका खोट्या प्राण्याच्या खऱ्या दर्शनाकडे जाऊ. विस्कॉन्सिनमधील ऱ्हाइनलँडर हे लाकडाच्या धंद्यावर उभे राहिलेले गाव. तिथे युजीन शेपर्ड नावाचा गृहस्थ होता. जंगलात हिंडून उभ्या झाडांत किती लाकूड निघेल याचा अंदाज बांधणे हा त्याचा व्यवसाय, आणि लोणकढी थाप मारणे हा छंद. १८९३ साली त्याने जाहीर केले की जंगलात ‘होडॅग’ नावाचा भयंकर प्राणी आढळला. तोंड बेडकासारखे, पाठीवर काट्यांची रांग, शेपटीला भाले. तो इतका दांडगा होता की त्याला डायनामाइट लावून मारावे लागले.

८/
१८९६ साली शेपर्डने दुसरा होडॅग, म्हणे, जिवंत पकडला. लांब काठीच्या टोकाला क्लोरोफॉर्मचे फडके बांधून त्याला गुहेत बेशुद्ध केले. तो केवळ पांढरे बुलडॉग खातो, आणि तेही रविवारीच! जिल्ह्याच्या पहिल्या जत्रेत अंधाऱ्या तंबूत त्याचे प्रदर्शन मांडले गेले आणि लोकांनी पैसे मोजून रांगा लावल्या. आत लाकडाच्या सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवलेले होते. तारा ओढल्या की तो हलत असे.

९/
पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ पाहणीसाठी येणार, अशी वार्ता आली, तेव्हा शेपर्डने बनाव कबूल केला, असे सांगतात. गाव संतापले का? मुळीच नाही. पाइनची जंगले संपली, लाकडाचे वैभव ओसरले, परंतु होडॅग राहिला. आजही गावात त्याचा पुतळा आहे आणि तिथल्या शाळेचे संघ त्याच्याच नावाने खेळतात. ज्या प्राण्याला जंगलाने जन्म दिला नाही, तो जंगल नाहीसे झाल्यावरही गावाची ओळख सांगतो आहे.

१०/
होडॅगच्या जन्मकथेत एक तपशील आहे, तो मला हसता हसता थांबवतो. छावण्यांत ओंडके ओढणारे बैल आयुष्यभर मार आणि शिव्या खात. मेल्यावर त्यांच्या देहात साठलेल्या त्या शिव्या नाहीशा व्हाव्यात म्हणून त्यांना सात वर्षे जाळावे लागे, आणि त्या राखेतून होडॅग उठला! ही थापच आहे. परंतु थाप मारणाऱ्याला बैलाचे हाल ठाऊक होते.

११/
आता कॅलिफोर्निया, साल १९५८. राज्याच्या उत्तरेला ब्लफ क्रीक परिसरात लाकूड बाहेर काढण्यासाठी घनदाट जंगलातून रस्ता खोदला जात होता. ऑगस्टच्या अखेरीस जेरी क्रू हा बुलडोझरचालक सकाळी कामावर आला, तेव्हा त्याच्या यंत्राभोवती माणसासारखी पावले उमटली होती. लांबी सुमारे १६ इंच. त्याने एका पावलाचा प्लास्टरचा साचा घेतला. तो साचा हातात धरलेले त्याचे छायाचित्र ऑक्टोबरमध्ये युरेका गावच्या ‘हम्बोल्ट टाइम्स’मध्ये झळकले आणि ‘बिगफूट’ हे नाव अमेरिकाभर पोहोचले.

१२/
या कामाचा कंत्राटदार होता रे वॉलेस, साऱ्या परिसरात खोडकर म्हणून प्रसिद्ध. २००२ साली तो वारला आणि त्याच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली अवाढव्य पावले पत्रकारांपुढे ठेवली. ही थट्टा त्याचीच, असे त्यांनी सांगितले. बिगफूटवर श्रद्धा असणाऱ्या अनेकांना हे आजही मान्य नाही. श्रद्धेचे एक वैशिष्ट्य असते : लाकडी पाय सापडला, तरी तो ‘त्याच’ पावलाचा नव्हे, असे म्हणायला जागा उरते.

१३/
‘हम्बोल्ट टाइम्स’चे स्तंभलेखक अँड्र्यू जेन्झोली यांनी ही वार्ता प्रथम विनोदाच्या अंगाने घेतली होती आणि या प्राण्याचे नाते थेट हिमालयातल्या हिममानवाशी जोडले होते. कॅलिफोर्नियाच्या जंगलात हिमालय कुठून आला? त्यासाठी आपल्याला ३७ वर्षे मागे, भारतात यावे लागेल.

१४/
१९२१ साली चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश तुकडी एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेली. एका उंच खिंडीजवळ बर्फात मोठे ठसे दिसले. हे मोठ्या लांडग्याचे ठसे असावेत, असे हॉवर्ड-बरी यांचे मत होते. सोबतच्या हमालांनी मात्र ‘मेतोह-कांगमी’ असे नाव घेतले. ‘कांगमी’ म्हणजे बर्फातला माणूस. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’चे हेन्री न्यूमन यांनी परतलेल्या हमालांशी बोलून बातमी केली. ‘मेतोह’चा अर्थ त्यांनी ‘गलिच्छ’ असा लावला, आणि त्याला भारदस्त इंग्रजी रूप देताना ‘घृणास्पद हिममानव’ जन्माला घातला. लांडगा मागे पडला. विशेषण जगभर फिरले.

१५/
त्या विशेषणाची मजल पाहा. ३० नोव्हेंबर १९५९ रोजी काठमांडूच्या अमेरिकन दूतावासाने यतीच्या शोधमोहिमांसाठी नियमांचे टिपण काढले. परवाना हवा, त्यासाठी नेपाळ सरकारला ५,००० रुपये भरावेत. यतीचे छायाचित्र घ्यावे किंवा त्याला जिवंत पकडावे, परंतु स्वसंरक्षणाखेरीज त्याला मारू नये. पुरावे सरकारच्या स्वाधीन करावेत. प्राण्याचा पत्ता नाही, पण त्याचे शासकीय कागदपत्र तयार! अभिलेखागारात बसून एकटीने हसण्याचे प्रसंग असतात, ते असे.

१६/
१९६० साली एडमंड हिलरी यांनी खुमजुंग गावच्या गोम्पातील ‘यतीची टाळू’ तपासणीसाठी मागितली. गावाने ती दिली, पण मुदतीने, आणि सोबत आपला वडीलधारा माणूस खुंजो चुंबी याला धाडले. शिकागो, पॅरिस, लंडन असा त्यांचा प्रवास झाला. शास्त्रज्ञांनी निर्णय दिला : ही टाळू सेरो नावाच्या बोकडासारख्या रानजनावराच्या कातड्याची आहे. खुंजो चुंबी यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. आशय असा : आमच्याकडे जिराफ आणि कांगारू नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी आम्ही अजाण, तुमच्याकडे यती नाहीत, म्हणून तुमच्या अज्ञानाबद्दल मला सहानुभूती वाटते.

१७/
हे उत्तर वाचताना मला आजोबा आठवले. खुंजो चुंबी भोळे नव्हते. शेपर्ड नव्हता, वॉलेस नव्हता, छावणीतले लाकूडतोडेही नव्हते. नव्याने दाखल झालेल्या पोरसवदा गड्याला स्क्वाँकची गोष्ट ऐकवणारा माणूस बाकीच्यांकडे पाहून डोळा मिचकावत असे. २०१७ साली ‘यतीचे अवशेष’ म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध झाले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. ही तपासणी आवश्यकच होती. परंतु तिने प्राण्याचा प्रश्न मिटतो; गोष्ट का सांगितली गेली, हा प्रश्न तसाच राहतो.

१८/
तो दुसरा प्रश्न मी आजोबांना विचारलाच नव्हता. या दिवाळीत मी आजीजवळ बसले आणि सहज म्हणाले, “आजी, तो मागल्या आजोबांना कुठे दिसला होता गं?” ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “दिसतोय कसला? तुझ्या आज्यानंच काढलं हुतं ते.”

१९/
मग ती सांगत गेली. बाजाराच्या दिवशी हातात पैसे पडले की भट्टीवरचे गडी खाली गावात उतरत, दारू पीत, आणि रात्री एकेकटे जंगलातून परत येत. एका रात्री एक पोरगा वाटेत गव्यासमोर आला. दोन दिवसांनी सापडला. मुकादम म्हणून त्याच्या आईकडे निरोप घेऊन आजोबाच गेले. त्यानंतर त्यांनी पुष्कळ समजावले, रागावले, पण कोणी ऐकेना. तेव्हा मागल्या आला. तो दारूच्या वासावर येतो आणि दोन माणसे बरोबर असली की जवळ फिरकत नाही. त्यानंतर गडी जोडीने येऊ लागले.

२०/
लहान मुलांसाठी दारूची भाकरी झाली होती, एवढाच फरक. आणि मी पकडलेली ती विसंगती? “आजी, दिसतच नाही तर उंची कशी कळली?” आजीने मोजपट्टी लावल्यासारखा हात खांद्याशी धरला. “गव्याएवढी की गं. आणि किती असणार?”

२१/
“साल कोणतं असेल?” हा प्रश्नही मी विचारला, पण या वेळी सर्वांत शेवटी. आजी म्हणाली, “तुझा बाप रांगत हुता.” वडिलांचा जन्म १९६८ चा, म्हणजे घटना १९६९ च्या सुमाराची. माझ्या वहीतली ही सर्वांत विश्वसनीय कालनिश्चिती आहे. त्या पोराचे नावही आजीला ठाऊक होते. ते मी लिहून घेतले आहे. बहुधा ते आता केवळ त्या एका पानावर आहे.

२२/
विस्कॉन्सिनचा हाइडबिहाइंड आणि दाजीपूरचा मागल्या यांच्यातले साम्य कुठून आले, याचे माझे उत्तर इतकेच : दोन्हीकडे माणसे एकटी जंगलात जात होती आणि काही परत येत नव्हती. एक फरक मात्र आहे. हाइडबिहाइंडला दारूचा वास सहन होत नाही, म्हणून थोडी घेतलेली बरी, असे लाकूडतोडे सांगत. मागल्या दारूच्याच वासावर येतो. पहिली गोष्ट गड्यांनी रचली होती, दुसरी मुकादमाने. साधनचिकित्सेत ‘कर्ता कोण?’ हा प्रश्न का विचारतात, ते मला यातून समजले.

२३/
तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्याही घरात असा एखादा प्राणी असेल : कुणाच्या आजीने पाहिलेला, कुणाच्या मामाच्या मागे लागलेला. तो खरा का, हे जरूर तपासा, पण गोष्ट पूर्ण ऐकून झाल्यावर. सांगणारा कोणत्या कामावर होता, कोणत्या वाटेने जात होता, त्याच्यासोबत कोण होते, हे आधी विचारा. आणि खाली त्या प्राण्याचे नाव-गाव लिहून जा. मागल्याला सोबत मिळेल. दोघे असले की तो कुणाला काही करत नाही.