सारसांचा शेजार

आम्ही माहूरचे; पैनगंगेपलीकडील विदर्भ आम्हांस शेजारघर वाटतो. त्याच्या पूर्व टोकास गोंदियाचीं तळीं व भातशेतें आहेत. महाराष्ट्रांत सारस पक्षी मुख्यत्वें त्याच बाजूस उरला आहे. पुरुषभर उंचीचा हा पक्षी भाताच्या खाचरांत घरटें रचतो व बहुधा दोनच अंडीं घालतो. विजेच्या तारा आणि कीटकनाशकें त्याच्या जिवावर उठलीं आहेत. २०२१ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन त्याची दाद घेतली. तरी घरट्याची राखण अखेर शेतकऱ्याच्याच हातीं असते. घरट्यापायीं थोडें पीक बुडतें. कित्येक शेतकरी तें सोसून महिनाभर अंडीं राखतात. मुलांनो, मुक्या पाहुण्याचा हा खर्च एकट्या गरिबानें कां सोसावा? आम्हांस वाटतें, तो सर्वांनीं वांटून घ्यावा, हाच खरा शेजारधर्म होय.