दहा डॉलरचा ग्रंथ

अमेरिकेला गेलेली माणसे नायगारा पाहून येतात. आम्हीही पाहिला. पण 2010 च्या उन्हाळ्यात लेकीकडे मिशिगन राज्यात राहिलो, तेव्हा मनात घर करून राहिले ते अ‍ॅन आर्बर गावातले एक यंत्र.

डेट्रॉइटहून मोटारीने तासाभरात हे गाव लागते. गाव कसले, विद्यापीठच ते! जावईबापू म्हणाले, "बाबा, इथल्या ग्रंथालयात मागाल ते जुने पुस्तक छापून देतात." आम्हाला वाटले, झेरॉक्स असेल. आत जाऊन पाहतो तर शपिरो ग्रंथालयाच्या दर्शनी भागातच यंत्र उभे. नाव एस्प्रेसो, म्हणजे कॉफीचे! 2008 साली ते तिथे बसवले होते.

वाचकहो, यामागची गोष्ट अशी. या विद्यापीठाने 2004 साली गूगलशी करार करून आपले सुमारे 70 लाख ग्रंथ संगणकात उतरवायला घेतले. पानन् पान छायाचित्रासारखे टिपायचे. पण पडद्यावर पाचशे पाने कोण वाचणार? म्हणून हे यंत्र. एकाच वाचकासाठी एकच प्रत, दहा डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या भावाने साडेचारशे रुपये.

आम्ही मोठ्या उमेदीने बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' मागितला. लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने 1923 साली काढलेला. महाराष्ट्र शासनाच्या सहाव्या खंडात तो आहे, 1989 पासून आमच्या घरी आहे. पण पहिली छपाई कशी होती ते पाहायचे होते. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, छापता येणार नाही. अमेरिकेच्या कायद्याने तेव्हा 1923 च्या आधी निघालेलेच ग्रंथ निर्धास्त छापता येत. एका वर्षाने हुकले! ज्या माणसाने रुपयाची नाडी तपासली त्याचा ग्रंथ रुपये मोजूनही मिळेना. आम्ही गप्प बसलो. तिचा काय दोष?

मग दादांची आठवण झाली. आमचे थोरले बंधू विहारात मुलांना पाली शिकवीत. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने पालीतून इंग्रजीत आणलेला 'बुद्धिझम इन ट्रान्सलेशन्स' त्यांच्या रोजच्या वापरातला. हार्वर्डचा, 1896 चा. पण वाचनालयातल्या प्रतीची पाने सुटली होती, दादा ती सुतळीने बांधून ठेवत. 1896 म्हणजे कुंपणाच्या आतले. तो मात्र मिळाला.

यंत्राची बाजू पारदर्शक होती, म्हणून सगळे दिसले. एका अंगाने पाने दोन्ही बाजूंनी छापून पडत होती, दुसऱ्या अंगाने रंगीत मुखपृष्ठ. गठ्ठा चिमट्यात धरून यंत्राने त्याची कड खरवडली, तिला गरम गोंद लावला, मुखपृष्ठात गुंडाळले, तीन बाजू कापल्या आणि पुस्तक घसरत खाली आले. काही मिनिटांचा खेळ. हातात घेतले तर कोमट! आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं बाई, तव्यावरची भाकरीच की!"

अशा प्रतींत मूळ ग्रंथातली वाचकांची पेन्सिलही छापून येते. कधी तर पान धरणाऱ्या कामगाराचे बोट. ज्याचे नाव ग्रंथावर कधीच येत नाही, त्याचे बोट तेवढे उमटते. आम्हाला ते आवडले.

गावी परतल्यावर दादांना 'जय भीम' करून पुस्तक हाती दिले. त्यांनी आधी बांधणी ओढून पाहिली, मग चष्मा लावला. 'रुपया' का नाही आणला, एवढेच विचारले. आम्ही कायदा सांगितला. ते म्हणाले, "वाट पाहू."

भारतात बाबासाहेबांच्या ग्रंथांची मुदत 2016 अखेर संपली. अमेरिकेत 1923 चे ग्रंथ 1 जानेवारी 2019 रोजी मोकळे झाले. त्याच वर्षी नातीने 'रुपया'ची पाने संगणकावर शोधली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली, स्पायरल बांधून. यंत्र नाही, काच नाही. पोऱ्याने पाने मोजली आणि चहा पीत बांधून दिली. दादांनी दोन्ही प्रती एकाच फळीवर ठेवल्या. वॉरनचा गोंद अजून धरून आहे. 'रुपया'चे स्पायरल मात्र एकदा बदलावे लागले, इतका तो हाताळला गेला.