तीन इंचांच्या आतला रामपुरी

बरेलीला पोस्टिंग आलं तेव्हा घरच्यांना झुमका आठवला आणि मला चाकू. बरेलीहून मुरादाबादकडे निघालं की साठ-पासष्ट किलोमीटरवर रामपूर लागतं. रविवारी आउटपास मिळाला की बाकीचे सिनेमाला जायचे आणि मी रामपूरची बस धरायचो. युनिटमधला एक साताऱ्याचा गडी दर वेळी विचारायचा, "काय रं, कुणाचा काटा काढायचाय?"

घडीच्या चाकूंचा नाद मला फौजेच्या आधीपासूनचा. आमच्या कोकणातल्या घरी वडिलांचा आंब्याची कलमं बांधायचा चाकू होता. पात्याला एकाच बाजूने धार, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काप एकसारखा बसतो. पुढे भरती झाल्यावर हातात आला सरकारी चाकू. स्टोअरच्या वहीत त्याचं नाव उलटं, 'नाइफ, क्लास्प'. बोथट नाकाचं एक पातं, डबा फोडायचं हत्यार आणि पाठीला जाड सुळा. हा सुळा घोड्याच्या नालातले खडे काढायला असतो अशी थाप प्रत्येक नव्या रंगरुटाला मारली जाते. खरं तर तो दोराची गाठ सोडवायला आहे. पावसात भिजलेली तंबूच्या दोराची गाठ बोटांनी सोडवून बघा, म्हणजे त्याची किंमत कळेल. पात्याला टोक नाही, कारण दोर कापताना हात निसटला तर ते शेजारच्याच्या पोटात जाऊ नये.

या सरकारी चाकूला कुलूप नसतं. पाठीमागची कमानी पात्याच्या मुळाशी दाब देऊन उभी असते, एवढंच. जोर उलटा पडला की पातं मिटतं आणि बोट मध्ये सापडतं. रामपुरीचा प्रकार वेगळा. त्याच्या पात्याच्या मुळाशी खाच असते, कमानीचा दात त्या खाचेत बसतो आणि खटका दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. उघडताना जो आवाज येतो तो या दाताचा. हिंदी सिनेमाने त्या आवाजाचं सोनं केलं आणि कारागिराचं मातेरं. खलनायकाने खिशातून रामपुरी काढला की थिएटर गप्प, पण चाकू कोणी बनवला हे विचारायला कोणी उरत नसे.

मी ज्या उस्तादांकडे जायचो ते सत्तरीचे होते. दुकान म्हणजे एक फळी, एक शेगडी, एक वाइस आणि कानशींचा ढीग. पहिल्या भेटीत त्यांनी विकायला काही काढलंच नाही. बसायला सांगितलं आणि कमानीला पाणी द्यायला घेतलं. लोखंड लालबुंद करून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं फुटतं. म्हणून ते घासून पांढरं करायचं आणि पुन्हा मंद आचेवर धरायचं. आधी पेंढ्याचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पातं पेंढ्याच्या रंगावर थांबवायचं, कारण तिथे धार टिकते. कमानी निळ्यावर थांबवायची, कारण तिला वाकून परत यायचं असतं. या दोन रंगांत थोड्याच क्षणांचं अंतर. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. उस्ताद शेगडीवरच्या खिडकीला पोतं लावून अंधार करायचे, कारण उन्हात रंग फसवतो.

"फौजी साहब, फल तो कोई भी बना ले," ते म्हणाले, "कमानी में जान डालनी पड़ती है."

त्यांनी शिकवलेली पारख मी आजही वापरतो. चाकू उघडून उजेडाकडे धरायचा. पातं आणि कमानी यांच्यामधून उजेड दिसला तर खाली ठेवायचा. पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायचं. हललं तर रिव्हेट कच्चा. मग डोळे मिटून दहा वेळा उघडझाप करायची. दहाही आवाज सारखे यायला हवेत. मुठीची नक्षी, पितळेवरचा मासा, म्हशीच्या शिंगाची चमक हे सगळं नंतर. नक्षी बघून चाकू घेणारे गोळा करणारे पुष्कळ भेटले. त्यांचे चाकू कपाटात छान दिसतात.

मला नऊ इंची, जुन्या पद्धतीचा हवा होता. उस्ताद हसले. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याला बंदी केली आणि त्यांचं निम्मं काम तिथेच संपलं. साडेचार इंचीही माझ्या कामाचा नव्हता, कारण सुट्टीवर येताना गाडी दिल्लीला बदलायची. दिल्लीत 1980 पासूनचा हुकूम आहे, की खटक्याच्या चाकूचं पातं 7.62 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि 1.72 सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल, तर तो जवळ बाळगायचा नाही. 7.62 हा आकडा वाचून फौजी माणूस हसणारच. आयुष्यभर 7.62 मिलिमीटरची गोळी आपण सरकारच्या हुकमाने वापरली. एक तीन इंच, दुसरी इंचाचे तीन दशांश. हिशोब तोच, फक्त दशांश चिन्ह सरकलेलं.

तेव्हा मी उस्तादांना अडीच इंची पात्याचा रामपुरी सांगितला. ते थोडे नाराज झाले. खेळणं मागतोय असं त्यांना वाटलं असावं. पण तीन आठवड्यांनी जो चाकू हातात आला, त्याची कमानी अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी रुंद. एवढ्याशा कमानीला निळ्यावर नेमकं थांबवणं मोठीपेक्षा अवघड, कारण ती क्षणात तापते. दोन कमान्या त्यासाठी वाया गेल्याचं त्यांनीच सांगितलं, पैसे मात्र एकीचेच घेतले. रामपुरीची लांबी गेली म्हणून लोक हळहळतात. माझं मत वेगळं आहे. लांबी ही दरोडेखोराची गरज होती. कारागिरी सांध्यात होती आणि ती अडीच इंचांतही तेवढीच होती. अडचण एवढीच, की अडीच इंची चाकूला कारागिराचा भाव द्यायला कोणी तयार नव्हतं. शेजारच्याच दुकानात बाहेरून आलेले चकचकीत स्टीलचे चाकू टोपलीत ओतून ठेवलेले असायचे.

उस्तादांचा मुलगा व्हायोलिन बनवणाऱ्याकडे कामाला जायचा. रामपूरचं हेही एक नाव आहे. "उसका हाथ अच्छा है," एवढंच उस्ताद म्हणायचे. त्यांनी मुलाला शेगडीपाशी कधी बसवलं नव्हतं.

हा चाकू साध्या कार्बन स्टीलचा, म्हणजे गंजणारा. पहिल्या हिवाळ्यात सवयीने खोबरेल लावायला गेलो तर बाटलीत तेलाचा दगड झालेला. तेव्हापासून सांध्याला शिलाई मशीनचं तेल आणि पात्याला, फळं कापायची म्हणून, सरसोचं. कैरी कापली की पातं काळपट होतं. तो डाग घासू नये, तोच पुढे गंज अडवतो. आज माझ्या पात्यावर राखाडी-निळ्या लाटा आहेत. त्यातल्या काही बरेलीच्या पेरूंच्या, बाकी घरच्या कैऱ्यांच्या.

2023 मध्ये रामपुरात एका चौकात वीस फुटी रामपुरी उभा केला. पुतण्याने फोटो पाठवला, "काका, तुमचा चाकू!" चाकू देखणा आहे आणि कायमचा उघडा आहे. त्याच सुमारास युनिटचा एक जुना सोबती त्या बाजूला निघाला होता. त्याला उस्तादांची गल्ली समजावून सांगितली. त्याने सांगितलं, फळी आहे, तिच्यावर आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. शेगडीवरच्या खिडकीला पोतं नव्हतं.